आजीच्या वातीतली पेशी

आजी वाती वळायला बसली की घरातला पंखा बंद व्हायचा. बाहेर ऊन रणरणत असो, अंगाची लाही होत असो, रुई उडता कामा नये. ओसरीत पाय लांब करून ती बसायची. वाटीत राख, मांडीवर जुन्या लुगड्याचा तुकडा, समोर सुपात मामाच्या शेतातला कापूस. सरकी ती बोटांनीच काढायची. मग रुईचा पुंजका चिमटीत धरून हळूहळू विंचरल्यासारखा ओढत जायची, इतका विरळ की पलीकडची तुळस त्यातून दिसावी. राखेची बोटं लावून तळहातावर एकदा फिरवलं की वात तयार. तिनं लाख वातींचा नेम धरला होता. शंभर झाल्या की भिंतीवर कोळशानं एक रेघ.

ही आजी म्हणजे माझ्या आईची आई. गाव अमळनेर तालुक्यातलं. आमचं घर धुळ्याला, एसटीनं तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे दिवाळी आणि उन्हाळा या दोन्ही सुट्ट्या मामाकडेच जायच्या. घरात आम्ही मराठी बोलायचो. आजीशी मात्र अहिराणीच, कारण तिची माया त्याच बोलीतून यायची.

आता मी जीवशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. अकरावीच्या वर्गात फळ्यावर वनस्पतीची पेशी आणि प्राण्याची पेशी शेजारी शेजारी काढायची वेळ येते, तेव्हा दरवर्षी मला तो विरळ केलेला पुंजका आठवतो. माझ्यापुरती पेशी समजायला तिथून सुरुवात झाली. शाळेत ती सुरुवात व्हायला हवी होती, पण झाली नाही.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता. कपाटात, कापडी झाकणाखाली, कुलपात. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत तो एकदाही टेबलावर आला नाही, आणि याची खंत मला आजही वाटते. आम्हाला फळ्यावरची आकृती मिळाली. चौकोनी ती वनस्पतीची, गोल ती प्राण्याची. चौकोनाला दुहेरी रेघ, गोलाला एकेरी. चौकोनात मधोमध मोठी रिक्तिका आणि हिरव्या खडूची हरितलवकं, गोलात एका बाजूला तारककाय. केंद्रक दोन्हीकडे, तंतुकणिका दोन्हीकडे. मी आकृत्या सुबक काढायची, नावं एका ओळीत लिहायची, गुण पूर्ण मिळायचे. पेशी ही वहीतली गोष्ट आहे असंच वाटायचं, नकाशावरच्या रेखांशासारखी. ती आपल्यात आहे, भाजीत आहे, मामाच्या बांधावर आहे, हे वाक्य तोंडपाठ होतं, पण त्याचा अर्थ पोचलेला नव्हता.

कॉलेजात पहिल्यांदा कांद्याचा पातळ पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवला, सॅफ्रानिन या तांबड्या रंगाचा थेंब टाकला, आच्छादक काच तिरकी धरून अलगद सोडली. भिंगातून पाहिलं तर विटांचं बांधकाम. एकाला एक लागून लांबट खोल्या, प्रत्येकीत कडेला सरकलेला एक गडद ठिपका. तो केंद्रक. तो मधोमध नव्हता. मी तोवर काढलेल्या प्रत्येक आकृतीत तो कसा ऐटीत बसलेला असे! मॅडमनी सांगितलं की मधली सगळी जागा रिक्तिकेनं व्यापलेली असते, त्यामुळे केंद्रक भिंतीला चिकटून राहतो. पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत आकारमानाचा ८० ते ९० टक्के भाग ही पाण्याची पिशवीच घेते. उरलेलं पेशीद्रव्य भिंतीलगत पातळ थरासारखं पसरलेलं, आणि बाकीची सगळी अंगकं त्या थरात दाटीनं नांदत असतात.

मग गालाच्या आतली पेशी. स्वच्छ काडीनं गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची आणि मेथिलीन ब्लू टाकायचं. मी गोल शोधत होते. गोल कुठेच नव्हता. पतंगाच्या कागदाचे कपटे पाण्यात पडावेत तसे वेडेवाकडे, कडा दुमडलेले तुकडे, प्रत्येकात निळा ठिपका. एकमेकांना चिकटून बांधकाम केलेलं नाही, सुटे. हे माझंच अंग आहे, हे कळायला थोडा वेळ लागला. त्या दिवशी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या आणि आकृतीतल्या दुहेरी रेघेचं वजन मला समजलं.

ती दुहेरी रेघ म्हणजे पेशीभित्तिका. वर्गात अनेकांचा एक घोटाळा होतो. वनस्पतीला भित्तिका आणि प्राण्याला पटल, अशी वाटणी ते करून टाकतात. पटल दोघांनाही असतं. पेशीच्या आत काय येईल, बाहेर काय जाईल हे पटलच ठरवतं. स्निग्ध रेणूंचे दोन थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं असं ते इतकं पातळ, की एका मिलिमीटरचे लाख भाग केले तर त्यातल्या जेमतेम एकाएवढी त्याची जाडी. वनस्पती त्याच्या बाहेरून आणखी एक भिंत बांधते. ग्लुकोजचे हजारो रेणू एका माळेत ओवून सेल्युलोज होतं, अशा माळांच्या जुड्या होतात आणि जुड्यांची वीण पडते. दोन शेजारी पेशींच्या मध्ये पेक्टिनचा चिकट थर असतो, विटांमधल्या गिलाव्यासारखा. भिंत आहे म्हणून शेजाऱ्याशी बोलणं तुटलं असंही नाही. तिच्यात बारीक वाटा असतात आणि त्यांतून या पेशीचं द्रव्य त्या पेशीच्या द्रव्याशी जोडलेलं राहतं. आमच्या जुन्या गावात दोन घरांच्या सामाईक भिंतीत दिवळी असायची, तिच्यातून विरजण नि विस्तव इकडून तिकडे जायचा. मला त्या वाटा तशाच दिसतात.

विज्ञानाच्या इतिहासातही आधी भिंतच दिसली. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप भिंगाखाली ठेवला आणि त्यातल्या कप्प्यांना खोल्या म्हटलं, त्यावरून पेशीचं इंग्रजी नाव आलं. पण बूच ही झाडाची मेलेली साल. हूक यांना दिसल्या त्या रिकाम्या खोल्या, राहणारा निघून गेलेल्या. आत कोण राहतं याचा उलगडा व्हायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक पाहून त्याला नाव दिलं. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत असं मांडलं, आणि पुढच्याच वर्षी श्वान यांनी तेच प्राण्यांबद्दल सांगितलं. प्राण्यांची पाळी मागून आली याचं मला नवल वाटत नाही. ज्याला भिंत नाही त्याचं घर ओळखायला वेळ लागतोच.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी मामाकडे गेले ती डोक्यात एक वाक्य घेऊन. पुस्तकात कुठेतरी एका ओळीत लिहिलं होतं: कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. एकच! मी ते तीनदा वाचलं. आजीच्या सुपातला, पावसाळाभर मामाची झोप उडवणारा, जिनिंगमध्ये गाठी बांधून जाणारा, अंगावरच्या सुती कपड्यातला प्रत्येक तंतू. पेशी डोळ्यांना दिसत नाही हे मी इतकी वर्षं लिहीत आले होते आणि खानदेशात आम्ही ती हातानं वेचत होतो.

याची हकीकत अशी आहे. कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी आत कोवळ्या बीजांच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात. सगळ्या नाही. शेजारच्या तशाच राहतात आणि यांतली एखादी उठते. पुढचे सुमारे तीन आठवडे ती फक्त लांब होत जाते. तिची भिंत तेव्हा पातळ आणि ताणता येण्याजोगी असते, आतली रिक्तिका पाणी ओढून घेते, आणि पाण्याच्या रेट्यानं पेशी पुढे सरकते. विभाजन नाही, दुसरी पेशी जोडली जात नाही, तीच एकटी वाढते. आमच्याकडे आता लावतात त्या अमेरिकन कपाशीत ती २८-३० मिलिमीटरपर्यंत जाते आणि जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. मनगटाएवढी जाड करून तिला जमिनीवर आडवी टाकली, तर ती शंभर मीटरच्या आसपास पसरेल. एका सरकीवर असे हजारो तंतू.

लांबी पुरी झाली की तिचं काम बदलतं. आता ती आतून भिंत जाड करत जाते, सेल्युलोजचा थरावर थर. दिवसाचा उकाडा आणि रात्रीचा गारवा यांची खूण या थरांत राहते, झाडाच्या खोडात वर्षांची वर्तुळं राहतात तशी यात दिवसांची. म्हणजे श्रावण-भादव्यातली एकेक रात्र त्या तंतूत मोजलेली असते. मग बोंड तडकतं, हवा लागते, आतलं पाणी उडून जातं आणि पेशी मरते. केंद्रक, तंतुकणिका, प्रथिनं तयार करणारे रायबोझोम, सगळं वाळून धुळीएवढं होतं. मधली पोकळी बसते, गोल नळी चपटी होते, आणि सेल्युलोजच्या जुड्या भिंतीत तिरक्या फिरत गेलेल्या असल्यामुळे वाळताना तिला पीळ पडतो. त्या पिळामुळेच एक तंतू दुसऱ्यात अडकतो आणि सूत निघतं. तंतू सरळ काचेच्या काडीसारखे वाळले असते तर वात वळलीच गेली नसती. आजीचे तळहात पीळ देत होते, पण पहिला पीळ आधीच पडलेला होता.

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो कवडी कापूस निवडत बसला होता. किडीनं किंवा पाण्याअभावी बोंड नीट भरलं नाही की कवडी होते, तिला भाव नसतो. नीट न भरणं म्हणजे त्या पेशींना आतून भिंत जाड करायला वेळ मिळाला नाही, असं मी म्हटलं. मामानं हातातली कवडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. काही बोलला नाही. पण पुढच्या वर्षी खळ्यात कापूस दाखवताना मला म्हणाला, "देख, औंदा भिंत भरेल शे."

आजीला मात्र ते दाखवायला मला फार वर्षं लागली. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक गावी नेता येत नव्हता. नंतर फोल्डस्कोप आला. स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्या मनू प्रकाश यांच्या गटानं घडवलेला, घडी घालून खिशात मावणारा, कागदाचा सूक्ष्मदर्शक. साधारण १४० पट मोठं दाखवतो, खिडकीकडे धरला की पुरे. तोवर आजी नव्वदीला टेकली होती, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. मी तिच्याच वातीतून चार तंतू सोडवले, पाण्याच्या थेंबात ठेवले आणि स्वतः पाहत बसले. "माले बी देखू दे व," ती म्हणाली.

तिचा हात थरथरत होता म्हणून मी मागून तिची कोपरं धरली आणि आम्ही दोघी ओसरीच्या उजेडाकडे तोंड करून बसलो. आधी तिला काहीच दिसेना. मग एकदम ती स्थिर झाली.

"हाई ते पीळ पडेल चऱ्हाट शे."

मी तिला सांगितलं की हे एकेक चऱ्हाट म्हणजे एकेक जीव होता, सरकीच्या सालीला फुटलेला. तिनं भिंगावरून डोळा न काढता विचारलं, "यामा जीव शे का आते?"

"नई आजी. व्हता. बोंड फुटनं आनि गया."

बराच वेळ ती पाहत राहिली. आजोबा जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. वाती वळायला ती त्यांच्या मागेच बसू लागली होती, हे मला आईनं नंतर सांगितलं. फोल्डस्कोप माझ्या हातात देत ती म्हणाली, "घर शे मंग हाई. घरना धनी गया."

हूक यांच्या बुचाबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

कापसाच्या पेशीला आकार मिळतो तो आधी पाण्यामुळे, आणि हे पाणीच भिंत असणाऱ्या आणि नसणाऱ्या पेशींमधला सगळ्यात मोठा फरक घडवतं, असं मला वाटतं. जुलैत पावसानं उघडीप दिली की दुपारी बाराच्या पुढे मामाची कपाशी माना टाकते. पानं लोंबतात, शेंडे झुकतात. मामाचा चेहराही तसाच होतो. आणि संध्याकाळी ऊन कललं, मुळांनी जमिनीतला ओलावा वर पोचवला, की तीच पानं पुन्हा उभी. पेशीतली रिक्तिका पाण्यानं भरते, पटल भिंतीवर दाब देतं, भिंत तो दाब सोसते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. कोवळं रोप हाडांवाचून उभं राहतं ते याच बळावर. मिठाच्या पाण्यात कांद्याचा पापुद्रा ठेवला तर उलटं होतं. पाणी बाहेर जातं, आतला गोळा आक्रसून भिंतीपासून सुटतो, आणि भिंत मात्र जागच्या जागी उभी राहते. साधं पाणी दिलं तर गोळा पुन्हा फुगून तिला जाऊन टेकतो. वर्गात मुलं हे पाहतात तेव्हा एकदम शांतता होते.

माणसाच्या पेशीला ही मुभा नाही. एका मे महिन्यात मामा शेतात चक्कर येऊन पडला. पारा पंचेचाळिसाच्या घरात होता. दवाखान्यात त्याला सलाईन लावलं आणि मी रात्रभर खाटेशेजारी बसून त्या बाटलीवरचं लेबल वाचत होते. सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. लिटरला ९ ग्रॅम मीठ. हे वाक्य मी शेकडो मुलांना शिकवलं होतं, पण थेंब थेंब खाली येताना त्याचा अर्थ वेगळाच होता. तहानलेल्या माणसाच्या शिरेत साधं शुद्ध पाणी सोडलं तर त्याच्या तांबड्या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. धरून ठेवणारी भिंत त्यांना नाही. जास्त मीठ झालं तर त्या सुरकुततात. शेतातल्या झाडाला विहिरीचं पाणी चालतं, पावसाचं चालतं. आपल्या पेशींना मात्र नेमक्या खारटपणाचं पाणी सतत आजूबाजूला लागतं, आणि ते तसं ठेवण्यासाठी मूत्रपिंडं जन्मभर राबत असतात. पहाटे मामानं डोळे उघडून विहिरीतल्या मोटरचं विचारलं. मी बाहेर जाऊन रडले.

बीटी कपाशीचं बियाणं भारतात २००२ मध्ये आलं. बोंडअळीवर तिचं शस्त्र चालतं ते नेमकं इथेच. झाडात तयार होणारं ते प्रथिन अळीच्या आतड्यातल्या पेशींच्या पटलाला भोकं पाडतं, पाणी आत शिरतं, पेशी फुगून फुटतात, अळी खाणं सोडते. भिंत नसलेल्या पेशीचं उघडेपण. पुढे गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला दाद देईनाशी झाली आणि मामासारख्यांची वर्षं वाया गेली. त्या दुःखाचा लेख वेगळा लिहावा लागेल.

पण हे उघडेपण म्हणजे नुसतं उणेपण नाही. भिंत नाही म्हणून प्राण्याची पेशी वाकते, सरपटते, जंतूला कवेत घेऊन गिळते, हृदयाची पेशी आकुंचन पावते. तांबडी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून पलीकडे जाते. भिंत असती तर रक्त वाहिलं नसतं. या तांबड्या पेशीनं तर आकृतीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट टाकून दिली आहे. केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, हिमोग्लोबिन तेवढं भरलेलं. आपल्या शरीरात साधारण ३७ लाख कोटी पेशी असाव्यात असा एक अंदाज आहे, आणि त्यांतल्या सगळ्यात जास्त याच, केंद्रक नसलेल्या. म्हणजे आपण वहीत 'प्राणी पेशी' म्हणून जी काढतो ती आपल्यातल्या बहुसंख्य पेशींसारखी नसतेच.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातून, धडगावकडून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. हुशार, पण महिन्यातून आठवडाभर गैरहजर. सांधे दुखतात म्हणायची. तिला सिकलसेल होता. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घराघरांतून ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, बस् इतकंच. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनच्या रेणूंच्या ताठ काड्या होतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते, आणि अडकते तिथे रक्त अडवते. त्या मुलीनं प्रयोगशाळेतल्या कायमस्वरूपी तयार काचपट्टीवर विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. पाहून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, हे आधी दाखवलं असतं तर घरच्यांना सांगता आलं असतं, मी ढोंग करत नाही म्हणून." त्या वाक्यानंतर मी शिकवण्याचा क्रम बदलला. आता आकृती शेवटी काढते.

पेक्टिनच्या गिलाव्याबद्दल सांगायचं राहिलं, आणि भरताशिवाय खानदेशातला हिवाळा संपत नाही. भरताची आमची वांगी हिरवी, पांढऱ्या रेघांची, मोठी. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ती भाजतात. त्या आचेनं आधी पेशींची पटलं फाटतात आणि रिक्तिकेतलं पाणी बाहेर येतं, तो चुरचुर आवाज त्याचाच. मग पेक्टिन विरघळू लागतं आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. म्हणून भाजलेलं वांगं लाकडी बडगीत ठेचलं की लोण्यासारखं होतं. भिंती बऱ्याचशा तशाच असतात, फक्त त्यांना बांधून ठेवणारं सुटलेलं असतं. केळं पिकून मऊ होतं तेव्हाही हेच, जाळावाचून, त्याच्या स्वतःच्या विकरांनी. कच्च्या केळ्याच्या कापावर आयोडीन टाकलं की स्टार्चमुळे तो काळानिळा होतो. पिकल्यावर स्टार्चची साखर झालेली असते, रंग फारसा चढत नाही. रावेर-यावलकडे नातेवाईक असलेली मुलं हा प्रयोग घरून शिकूनच येतात. त्यांच्या घरी 'टिश्यूची रोपं' हा रोजचा शब्द आहे. कंदाच्या कोंबाचा इवलासा तुकडा बाटलीत वाढवून त्याची शेकडो रोपं होतात, कारण त्यातल्या पेशींच्या केंद्रकात संपूर्ण केळीचा आराखडा शाबूत असतो.

शेवटी तंतुकणिकांबद्दल, कारण त्या मला आजीकडे परत नेतात. पुष्कळ मुलांना वाटतं, झाडाला हरितलवकं असतात म्हणून तंतुकणिका नसाव्यात. झाडालाही त्या असतात. हरितलवकात साखर तयार होते आणि ती साखर झिजवून काम करता येण्याजोगी ऊर्जा तंतुकणिकेत मिळते, झाडातही आणि माणसातही. दोघींच्या आत स्वतःचा वेगळा डीएनए असतो. फार पूर्वी या स्वतंत्र जिवाणू होत्या आणि मोठ्या पेशीत राहायला आल्या, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ च्या निबंधात नेटानं मांडलं आणि पुढे ते मान्य झालं. माणसाच्या मुलाला तंतुकणिका मिळतात त्या आईकडून, बीजांडातून. माझ्यातल्या तंतुकणिका आईच्या, आईतल्या आजीच्या. मी आत्ता ही ओळ लिहिते आहे तो जोर ज्यातून येतो, ते आजीच्या शरीरातून आलेलं आहे. हे शिकवताना माझा आवाज बदलतो हे मला कळतं आणि मी तो सावरत नाही.

आजी गेली तेव्हा लाखाला सात-आठ हजार वाती कमी होत्या. उरलेल्या आईनं आणि मामीनं वळून नेम पुरा केला. तिनं वळलेल्यांतला एक पत्र्याचा डबा मी मागून घेतला. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मी त्यातली एक वात मधोमध सोडवते आणि प्रत्येक टेबलावर दोन-तीन तंतू देते. कांदा त्यानंतर.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलानं वहीत चपटी, पीळ पडलेली पट्टी काढली. सवयीनं मी केंद्रक कुठे आहे ते पाहू लागले. त्यानं तो काढलेला नव्हता. नावं दोनच दिली होती. बाहेरच्या रेघेला 'पेशीभित्तिका', आणि आतल्या कोऱ्या जागेकडे बाण करून, 'इथे पेशी होती'.

मी त्याला पूर्ण गुण दिले आणि ती वही दिवसभर माझ्या टेबलावर ठेवून घेतली.